सुभद्राबाईंचा फळा

घरच्या घरी मिश्र माध्यमातली चित्रं करायला सुरुवात कशी करायची, हे मी आधी फोनवर पाहिलं आणि सवयीप्रमाणे वहीत यादी केली. सत्तावीस वस्तू झाल्या. दारव्ह्यात त्यातल्या सहा मिळाल्या. स्टेशनरीवाल्याने उरलेली यादी वाचून परत दिली आणि म्हणाला, "म्याडम, असलं काम इथं एकच बाई करते. शाळेतली सुभद्राबाई. पण जपून जा, हात जड हाये तिचा." मला वाटलं, गंमत करतोय.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. तालुकाभर फिरते, रजिस्टरं तपासते. मुलं शिकायला बाहेर गेली, घर रिकामं झालं, तेव्हा हाताला काहीतरी काम हवं म्हणून हा उद्योग डोक्यात आला होता. पत्ता विचारत गेले तर विहाराच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या दारासमोर, एक ठेंगणी, साठीची बाई प्लायवूडच्या तुकड्याला सायकलच्या चेनने बडवत होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत जुन्या ओरखड्यांनी भरलेले, ओठांत ब्लेडचं अर्धं पातं. बोलायच्या आधी त्यांनी ते पातं बोटांनी काढून ब्लाउजच्या बाहीला अडकवलं.

मी यादी पुढे केली. त्यांनी ती पूर्ण वाचली, उभी फाडली, मग आडवी फाडली आणि चारही तुकडे खळीच्या डब्यात बुडवून माझ्यासाठी उचललेल्या एका फळकुटावर चिकटवले.

"घ्या. हा पहिला थर झाला तुमचा. आता सुरू झालं न काम?"

त्या फळकुटावर आज पाच थर आहेत. सुभद्राबाई जाऊन दोन वर्षं होतील. त्यांच्याविषयी लिहायचं तर संगीताविषयी लिहावंच लागतं. संगीता त्यांची एकुलती एक मुलगी, मुकुटबनला दिलेली. तिला नवऱ्याच्या घरी पुन्हा धाडायचं की नाही, हा एकच प्रश्न त्या घरात मी जात होते ती दोन वर्षं चालू होता. बाकी सगळं, म्हणजे डिंक, पोती, खिळे, त्या प्रश्नाच्या आजूबाजूला होतं.

सुभद्राबाई हायस्कूलमध्ये परिचर होत्या. चित्रकलेच्या खोलीची जबाबदारी त्यांच्याकडे. बावीस वर्षं त्यांनी मुलांचे ब्रश धुतले, सांडलेले रंग पुसले आणि सरांचं शिकवणं दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकलं. निवृत्त होताना शाळेने शाल दिली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि अडगळीतला एक जुना लाकडी फळा मागितला. चार फूट बाय तीन फूट, जाड, कडेला लोखंडी पट्टी. तो घरी आणून भिंतीला टेकवून ठेवला. हाच तो फळा.

शिकवण्याची त्यांची पद्धत साधी होती. कोरी वस्तू घरात येऊ द्यायची नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर डिंक धरत नाही, म्हणून प्रत्येक वस्तूला आधी मार. पत्रा असेल तर दगडाने ठेचायचा, कापड असेल तर कडा जाळायच्या, पुठ्ठा असेल तर भिजवून सोलायचा. मग खळ, मग पोत्याचा तुकडा किंवा कापसाच्या बोंडाची टरफलं, वर पुन्हा खळ, आणि वाळल्यावर चुन्यात डिंक कालवून एक पांढरा हात. या पांढऱ्या हातावर पुढचं चित्र. मी हे सगळं क्रमाने लिहून घेत असे. त्या माझी वही पाहून म्हणायच्या, "लिहून झालं की एक बुक्की मारा त्या पुट्ठ्याले. तुमचा राग वहीतच राह्यते सारा."

आम्ही चौघीजणी शिकायला जायचो. त्यातली एक, दुकानदाराची बायको, लग्नातला शालू घेऊन आली. त्याचा काठ चित्रात लावायचा होता, पण कापायला हात होईना. तिने कात्री तीनदा उचलली आणि तीनदा ठेवली. सुभद्राबाईंनी विळा घेतला, शालू पायाखाली धरला आणि एका हिसक्यात काठ वेगळा केला. त्या बाई रडत निघून गेल्या. तीन आठवडे आल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात उरलेला शालू पिशवीत घालून आल्या आणि स्वतःच फाडायला बसल्या. सुभद्राबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "नवरा काही बोल्ला काय?" एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, "त्यायले दिसलाच नाई." त्यावर दोघी बराच वेळ हसत होत्या.

पण गावात सुभद्राबाई प्रसिद्ध होत्या त्या चित्रांमुळे नाही. त्यांचा नवरा पट्ट्याने मारायचा. लग्नानंतर नऊ वर्षं त्यांनी मार खाल्ला. दहाव्या वर्षी एक दिवस त्या पाट्यावर मिरच्या वाटत होत्या, तो मागून आला आणि त्याने वेणी ओढली. त्यांच्या हातात वरवंटा होता. त्याचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

ही गोष्ट त्यांनी मला पुठ्ठा सोलता सोलता सांगितली.

"मग दवाखान्यात नेलं?" मी विचारलं.

"कायले? लोकायले काय सांगनार होता तो, बायकोनं मारलं म्हणून? म्याच बसवलं हाड. बांबूच्या कामट्या, कापूस, शाळेतला नकाशाचा जुना कागद, वरून खळ. तीन थर देल्ले. चाळीस दिवस महाराष्ट्र घालून फिरला हातात." त्यांनी सोललेला पापुद्रा बाजूला टाकला. "माहं पहिलं काम ते, म्याडम. चांगलं जमलतं."

त्यानंतर तो त्यांना कधी मारायला आला नाही. पुढे दारूनेच गेला. पण ते मनगट गावाच्या लक्षात राहिलं. बाजारात कुणाशी वाद झाला की समोरचा पटकन म्हणायचा, "जाऊ द्या बाप्पा, वरवंटा हाये तिच्या घरी." त्याही हसायच्या. ही थट्टा त्यांना कुठे लागत होती, हे मला संगीता पहिल्यांदा परत आली तेव्हा कळलं.

संगीताचा नवरा विनोद चुन्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. दिसायला नीटस, बोलायला गोड, सासूला वाकून जयभीम करणारा. संगीता पहिल्यांदा आली तेव्हा तिचा समोरचा दात पडलेला होता आणि ब्लाउजची बाही खांद्यापासून फाटलेली होती. ती अकरा दिवस राहिली. बाराव्या दिवशी मी गेले तर संगीता नव्हती आणि सुभद्राबाई फळ्यावर काम करत होत्या. ती फाटकी बाही त्यांनी मधोमध चिकटवली होती आणि तिच्यावर पांढरा हात देत होत्या.

"धाडली?" मी विचारलं.

"धाडली."

"सुभद्राबाई, तुम्ही?"

त्या ब्रश चालवतच राहिल्या. "काय करता मग? घरी ठुली तं लोकं काय म्हणतीन? मायनं नवऱ्याचा हात मोडला, आता पोट्टीही तशीच. नांदाची अक्कलच नाई या घरात. माह्या हातानं तिचा संसार मोडला असं होऊ देत नाई म्या."

ज्या बाईने शालूला विळा लावला, ती हे बोलत होती. मी त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

दुसऱ्या वेळी संगीता उन्हाळ्यात आली. डोक्याच्या मागे रुपयाएवढी जागा कातडीपर्यंत उघडी पडली होती. उपटलेले केस तिने रुमालात बांधून आणले होते. का, ते तिलाही सांगता येईना. हातात बांगड्या फुटून रुतल्या होत्या. सरकारी दवाखान्यात नेलं, चिठ्ठी झाली. मग विहारासमोर बैठक बसली. दोन्हीकडचे जाणते लोक, मधे चटई, कडेला बायका. आमच्याकडेही अशीच बैठक बसते, फक्त मंदिराच्या ओट्यावर. गुलाबराव म्हणून जुने पुढारी आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी विनोदला चार शब्द सुनावले, त्याने कान धरले, आणि पोरीला धाडायचं ठरलं. सुभद्राबाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या.

फळ्यावर आणखी एक थर चढला. केस, हिरव्या बांगड्यांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दवाखान्याची चिठ्ठी. वरून पोत्याचा कपडा, पांढरा हात, आणि त्यावर फुटलेल्या कापसाचं शेत. एवढं चांगलं चित्र त्यांनी आधी केलं नव्हतं. येणारा जाणारा थांबून पाहायचा. शाळेतले नवे सर म्हणाले, यवतमाळला प्रदर्शनात ठेवू. त्या म्हणाल्या, "ते इकाचं नाई, न दाखवाचं नाई." मी एकदा विचारलं, की खाली काय आहे हे माहीत असताना वर शेत कसं काढवतं. त्या म्हणाल्या, "खालचं दिसत असतं तं काढलं असतं काय?"

तिसऱ्या वेळी संगीता मुकुटबनहून वणी, वणीहून यवतमाळ, यवतमाळहून दारव्हा अशा गाड्या बदलत आली. एवढा प्रवास तिने पाठ टेकवली नव्हती. तिच्या पाठीवर इस्त्रीचं टोक उमटलं होतं. ब्लाउजला तसंच तपकिरी टोक. सुभद्राबाईंनी तिची पाठ धुतली, दवाखान्यात नेऊन मलम लावून आणलं आणि तो ब्लाउज हातात घेऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या. खळीचा डबा शेजारी उघडा होता. त्यांनी डब्यावर झाकण लावलं.

"आता नाई लावत," त्या म्हणाल्या. "आता काढतो."

सासरकडच्यांनी बैठक बोलावली. रविवार, सकाळची वेळ. त्यांना संगीता परत हवी होती. सुभद्राबाईंनी हातगाडीवाल्याला सांगून फळा विहारासमोर नेला आणि चटईच्या मधोमध आडवा ठेवला. त्यावरचं कापसाचं शेत उन्हात पांढरं दिसत होतं. मी बायकांत, संगीताशेजारी बसले होते.

आधी त्यांनी इस्त्रीचा ब्लाउज गुलाबरावांसमोर ठेवला. विनोदचा मामा म्हणाला, "इस्तरी हातातून सुटते कधी कधी. तुमी पाह्यलं काय मारताना?"

"नाई पाह्यलं."

"मग? पोट्टी तापट हाये. मायवर गेली. तुमचा हात तं साऱ्या दारव्ह्याले माहीत हाये, बाई."

दोघं-तिघं हसले. गुलाबराव हसले नाहीत, पण त्यांनी थांबवलंही नाही.

सुभद्राबाईंनी पिशवीतून सुताराची पटाशी काढली, फळ्याच्या कोपऱ्यात खुपसली आणि वरून हातोडीचा घाव घातला. शेत मधोमध तडकलं. त्या गुडघ्यावर बसून घाव घालत गेल्या. चुन्याचे पापुद्रे उडत होते, पोत्याचा कपडा त्या मुठीत धरून ओढत होत्या, तो फाटताना कडेच्या बायकांपर्यंत आवाज येत होता. पहिला थर सुटला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मागच्या उन्हाळ्यातलं. केस मुळापासून हायेत, पाहून घ्या. ह्या बांगड्या. ही सरकारी चिठ्ठी. तवा या बैठकीनं धाडली तिले. म्याही हो म्हणलं."

पुन्हा घाव. खालचा पांढरा थर जास्त जुना, जास्त घट्ट होता. पटाशी सटकून त्यांच्या डाव्या तळहातात गेली. त्यांनी हात पदराला पुसला आणि पुन्हा धरली. बाही वर आली.

"हे पहिल्या वेळचं. तवा बैठक बी नाई बसली. म्या एकटीनं धाडली." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "दोनदा झाकलं म्या. झाकाचं काम मले चांगलं येते. तुमाले बी येते, दादा. आता सांगा, कोनाले कोनाले धाडाची हाये ते."

गुलाबराव काही बोलायच्या आत विनोद उठला. तोवर तो मान खाली घालून बसला होता. "आमची इज्जत काढून राह्यली म्हातारी," म्हणत त्याने फळा दोन्ही हातांनी उचलला. मला वाटलं, घेऊन पळतो. त्याने तो खांद्यावर नेला आणि खाली आणला. लोखंडी पट्टीचा कोपरा सुभद्राबाईंच्या कानाच्या वर बसला. ओला नारळ आपटावा तसा आवाज झाला. त्या कुशीवर पडल्या. त्याने फळा दुसऱ्यांदा उचलला तेव्हा संगीताने त्याच्या दंडाला दात लावले. ती ओरडली नाही, तोच ओरडला. ती सुटेना. चार माणसांनी त्याला खाली पाडलं तरी तिचे दात दंडातच होते, आणि शेवटी बायकांनी तिला कमरेला धरून मागे ओढलं.

हे सगळं मिनिटाभरात झालं. संगीताला कुणी धाडायचं नाही, हे ठरवायला मग कुणाला बोलावं लागलं नाही. गुलाबराव चटईवर बसून पडलेले केस गोळा करत होते. ते कुठे ठेवायचे, त्यांना कळत नव्हतं.

सुभद्राबाई उठून बसल्या. कानाच्या वर सूज होती, रक्त फारसं नव्हतं. बोलत होत्या, चालत होत्या. मी वहीत दोन ओळी लिहिल्या: एक, ठाणे. दोन, दवाखाना. आमच्या तालुक्यात सगळ्यांना हाच क्रम माहीत आहे. पोलिसांचा कागद नसेल तर मारामारीतल्या माणसाला डॉक्टर हात लावत नाही, असं प्रत्येकजण सांगतो. सुभद्राबाईही म्हणाल्या, "पहिले ठाणं. कागद करू, मग डाक्टर." कुणाला हे चूक वाटलं नाही.

ठाण्यात साडेतीन तास गेले. जबाब, पंचनामा, जप्ती. मला पंच म्हणून सह्या करायला थांबवलं. गुलाबराव आणि संगीता त्यांना ठाण्यातून दवाखान्यात घेऊन गेले. तिथे पोचताच त्यांना उलट्या झाल्या. यवतमाळला हलवलं, पण अर्ध्या वाटेत त्या गाडीतच गेल्या. डोक्याच्या आत रक्त साठलं होतं. दोन दिवसांनी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं. मार लागलेला माणूस आधी आमच्याकडे आणायचा, ठाण्याला आम्हीच कळवतो, कागदासाठी कुणालाही थांबवत नाही. त्या रागावल्या नव्हत्या. दर आठवड्याला कुणाला ना कुणाला हे सांगत असाव्यात, अशा आवाजात बोलल्या. तेव्हापासून मी तालुक्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत, वजनाच्या तक्त्याशेजारी, हे मोठ्या अक्षरात लिहून लावलं आहे. कुठे फाटलं तर पुन्हा लावते.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या ठाण्यात. फळा कपड्यात गुंडाळून सुतळीने बांधला होता आणि एक तरुण शिपाई त्यावर लाखेची मोहर लावत होता. त्याला जमत नव्हतं. लाखेची कांडी मेणबत्तीच्या ज्योतीत धरल्याने काजळत होती आणि थेंब गाठीवर न पडता घरंगळत होते. सुभद्राबाई डोक्याला ओला टॉवेल बांधून बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि त्याच्या हातून कांडी घेतली.

"ज्योतीत नोको धरू, भाऊ. वरतं धर, अशी फिरव."

पाच गाठींवर पाच थेंब त्यांनी पाडले, लाल आणि गोल. एक त्यांच्या बोटावर पडला. त्यांनी बोट झटकलं नाही. शिपायाने पितळी शिक्का दाबला आणि कागद पुढे ओढला.

"यात काय लिहू, मावशी? चित्र लिहू?"

"चित्र नोको लिहू. ते सकाळीच काढून टाकलं म्या. फळा लिव्ह, त्याच्यावर पोरीचे कपडे, केस, बांगड्या."

त्याने लिहिलं. मग संगीताचं आधार कार्ड पुढ्यात घेऊन तो स्वतःशीच म्हणत लिहू लागला, "संगीता विनोद, वय सव्वीस, राहणार मुकुटबन…"

"खोड ते," सुभद्राबाई म्हणाल्या.

"कार्डावर तेच आहे, मावशी. आणि त्यांनाच सांगू द्या."

सगळ्यांनी संगीताकडे पाहिलं. तिच्या ओठाच्या कडेला अजून रक्त होतं, ते तिचं नव्हतं.

"दारव्हा," ती म्हणाली.

शिपायाने ओळ खोडली, शेजारी बारीक सही केली आणि वर लिहिलं: रा. दारव्हा. सुभद्राबाई टेबलाच्या कडेला धरून वाकल्या आणि ओठ हलवत ते दोन शब्द वाचले. वाचून झाल्यावर त्या बाकावर जाऊन बसल्या.